बांगलादेशचा सासरा

आमच्या वसंतमामांच्या मते बांगलादेश हा त्यांचा जावई होता. गमतीनं नाही, अगदी मनापासून. मोर्शीजवळच्या त्यांच्या बगिच्यातली संत्री ट्रकात बसून तिकडे जायची, म्हणजे लेक त्या घरी दिलेली. तिकडच्या सरकारनं आयात शुल्क वाढवलं की मामा पेपर घडी करून ठेवायचे आणि म्हणायचे, "रुसला पुन्हा! जावयाचं असंच असते बाप्पा. कितीबी मान द्या, नाक फुगलेलंच." शुल्क कमी झाल्याची बातमी आली, की मामीला शिरा करायला लावायचे.

बाकीचं जगही त्यांनी असंच नात्यागोत्यात बसवलं होतं. जपान म्हणजे जेवताना घड्याळ पाहणारा साडू. अमेरिका म्हणजे कोणी बोलावलेलं नसताना पंगतीत वाढायला उभा राहणारा माणूस. आणि सगळ्या जगाला त्यांचा एकच प्रश्न असायचा, "माल कुठी जाते?" गावात कोणा पाहुण्याचं भाषण झालं, टाळ्या पडल्या, की मामा शेजारच्याला कोपर मारून विचारणार, "बोलला तं चांगला. पन याचा माल कुठी जाते?"

मी अकोल्याची, त्यांची एकुलती एक भाची. मामा-मामीला मूलबाळ नाही. दिवाळीचे पंधरा दिवस आणि उन्हाळ्याचा महिना मी मोर्शीलाच असायची. त्यामुळे बारावीनंतर पुण्याच्या एका कॉलेजात आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या पदवीला माझा नंबर लागला, तेव्हा आमच्या घरी सगळे एकमेकांकडे पाहत राहिले आणि मामांचा मात्र लगेच फोन आला. "विषयाची यादी घेऊन ये. निवडाचं काम माह्याकडे. तुह्या बापाले त्यातलं काई समजत नाई."

गेले. मामांनी यादीतल्या एकेका विषयाची चिठ्ठी करायला लावली. ओसरीवर तीन क्रेट मांडले आणि संत्री छाटावी तशी माझी पदवी छाटायला बसले. मोठा माल एकीकडे, मधला एकीकडे, आणि बारीक चुरी शेवटच्या क्रेटात.

"वाच."

"आंतरराष्ट्रीय कायदा."

"पाळते काय कोनी? पन ठेव मोठ्यात. कायदा माहीत असलेल्या मानसाले तहसीलवाले खुर्ची देतात."

"शांतता आणि संघर्ष."

"हे शिकाले पुन्याले कायले जा लागते? मामीजवळ बस चार दिवस. चुरी."

आतून मामीचा आवाज आला, "संघर्षाचा पेपर तुमी सोडवा आधी!" मामांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि युरोपचा इतिहास मधल्या क्रेटात टाकला. "आपलं एक फळ खाल्लं नाई त्यायनं अजून," असं कारण दिलं.

शेवटी भाषा आली. फ्रेंच, जर्मन, जपानी, बंगाली, यातली एकच घ्यायची होती. मामांनी बंगालीची चिठ्ठी क्रेटात टाकलीच नाही. हातात धरून बसले. मग एकदम हळू बोलायला लागले, आणि मामा हळू बोलतात हे मला तोवर माहीतच नव्हतं.

"हे पाय पोरी. तीस वर्षं झाली, माह्या बगिच्याचं फळ तिकडे जाऊन राहिलं. ट्रकवाला नेते, दलाल इकते, पैसा येते. पन खानाऱ्यानं तोंडात फोड टाकली तेव्हा काय म्हनलं, हे मले आजपावतो कोनी सांगतलं नाई. गोड होतं म्हनला का आंबट, काई तं म्हनत असन ना तो? तू बंगाली शीक. आपन दोघं जाऊ. तू बोलजो, म्या आयकतो."

मी हो म्हटलं. काय बिघडत होतं हो म्हणायला? मामा इतके खूश झाले, की मला बसस्टँडवर सोडायला येताना वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "आमची भाची बंगाली शिकून राहिली." मी अजून विषयांचा फॉर्मसुद्धा भरला नव्हता.

अकोल्याला येऊन फॉर्म उघडला. पुण्याच्या होणाऱ्या मैत्रिणींचा आधीच एक ग्रुप झाला होता आणि त्यातल्या सगळ्याजणी फ्रेंच घेत होत्या. फ्रेंच म्हटलं की दूतावास, पॅरिस, स्कार्फ. बंगाली म्हटलं की मोर्शी आणि संत्र्याचे क्रेट. मी फ्रेंचवर बोट ठेवलं. मामांचे बाकीचे विषय मात्र जसेच्या तसे घेतले, म्हणजे मनाला तेवढंच बरं वाटावं. भाषेचं सांगू सावकाश, असं ठरवलं.

आणि नाही सांगितलं. पहिल्याच दिवाळीला गेले तर ओसरीवर आठ-दहा माणसं आधीच येऊन बसलेली. मामांनी बोलावून ठेवलेली! "हं, बोल वं बंगाली. आयकू दे यायले."

खरं सांगायची हीच वेळ होती. पण आठ-दहा जणांसमोर मामांचा पोपट कसा करू? मी डोळे मिटले आणि फ्रेंचचा दुसरा धडा म्हणून टाकला. एक बाई हॉटेलात जाते, कॉफी मागते, बिल मागते. कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, "नाकात बोलतात वाटते तिकडचे लोकं." दुसरे म्हणाले, "हवामानच तसं हाये." मामा मान खाली घालून ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "साफ बोलते पोरगी."

मग हा पायंडाच पडला. दर सुट्टीत ओसरी, माणसं आणि माझा एक नवीन धडा. हवामान सांगितलं, रेल्वेचं तिकीट काढलं, आजीला पत्रसुद्धा लिहिलं. पुण्याला परतताना बसमध्ये स्वतःचीच चीड यायची, पण पुढच्या सुट्टीत पुन्हा तेच. माणूस एकदा खोटं बोलला की त्याला त्याची सवय लागते, हे मी आंतरराष्ट्रीय संबंधांच्या कुठल्याच पुस्तकातून शिकले नाही.

शेवटच्या वर्षी मामांचा फोन आला. आवाज आनंदानं फुटत होता. "जावयाकडचे लोकं येऊन राहिले! बांगलादेशाहून दोन व्यापारी, आपल्या बगिच्यात. रविवारी. तू फक्त ये."

मी म्हटलं, "मामा, परीक्षा आहे."

परीक्षा नव्हती. मामा म्हणाले, "अभ्यास पहिले. म्या पाहून घेतो."

तो रविवार मी हॉस्टेलच्या खोलीत कसा काढला ते मलाच माहीत. पुढच्या आठवड्यात न राहवून मोर्शी गाठली. मामांच्या पाया पडायचं, सगळं सांगून टाकायचं आणि काय ऐकायचं ते ऐकून घ्यायचं, असं ठरवूनच निघाले होते. घरी मामी एकटीच होती. मी विचारलं, "मामी, त्या लोकांशी बोलणं कसं झालं मग?"

"तुहे मामाच बोलले की," मामी म्हणाली. "चांगले दोन घंटे. त्यातला म्हातारा तं हासून हासून बेजार."

"मामा? बंगाली?"

"तुले नाई माहीत? तू पुन्याले गेली अन् हे दर गुरुवारी अमरावतीले जायले लागले. तिथं एक बंगाली डॉक्टर हाये. गुडघे दुखते म्हनून जात, अन् त्याच्याजवळ बसून बोलनं शिकत. गुडघ्याले काई झालं नव्हतं. म्हने, पोरगी सुट्टीत येईन तं तिच्यासंग बोलाले कोनी पाह्यजे का नाई?"

म्हणजे पहिल्या दिवाळीलाच, मी कॉफी मागत होते तेव्हाच, मामांना कळलं होतं.

बगिच्यात गेले. मामा झाडाखाली बसून पडलेली फळं वेचत होते. मला पाहून उठायला लागले, तर मीच खाली बसले आणि रडत रडतच म्हटलं, "तुमाले माहीत होतं. मंग मले एका शब्दानं तरी काहून नाई म्हनलं?"

मामांनी एक संत्रं सोलून माझ्या हातावर ठेवलं. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "म्हनलं असतं तं तू लाजली असती. लाजेपायी मंग येनंच बंद केलं असतं. घरात आमी दोघंच असतो वं."

मी त्यांना म्हटलं, असं कसं होईल मामा, काहीतरीच काय, दिवाळीला येते ना मी.

या गोष्टीला आता तीन दिवाळ्या झाल्या. मी पुण्यालाच नोकरी करते. मोर्शीला अजून गेलेले नाही.