पूल कोणत्या काठावरून सुरू होतो

दौलतभाऊंच्या स्कूटरच्या डिकीत दात घासायचे जुने ब्रश असतात. त्यांतला एकही दातांसाठी नसतो. भाऊंचे दात निवडणुकीतल्या अनामत रकमेसारखे केव्हाच गेले. ब्रश आहेत ते कोनशिलांसाठी.

भाऊ एके काळी आमचे विधायक होते. आमदाराला मध्य प्रदेशात विधायक म्हणतात. बाकी फरक नाही. एकदा निवडून आले आणि मग मोठ्या निष्ठेने पडत राहिले. पण विधायक असताना समाजमंदिर, पाण्याची टाकी, बसथांबा, स्मशानातली टिनाची शेड, जिथे जिथे त्यांनी नारळ फोडला तिथे तिथे त्यांच्या नावाचा संगमरवरी दगड बसला. आजही दर रविवारी ते पांढुर्ण्याहून निघतात आणि सौंसरच्या वाटेवरचे दगड धूत जातात. ब्रशाने अक्षरांतली माती काढायची, काळा रंग भरायचा, दोन पावलं मागे जाऊन वाचायचं. स्वतःचं नाव इतक्या कुतूहलाने वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी शेजारचा निवृत्त मास्तर. बादली धरायला माणूस लागतो म्हणून मला मागे बसवून नेतात.

"भाऊ, दगड लावलेली निम्मी कामं तर झालीच नाहीत," मी एकदा म्हटलं.

"दगड लागला म्हंजे काम लागलं, मास्तर. पोरगं पाळण्यात आलं, आता चालाले टाइम लागते नं!"

काही पोरं फारच आळशी निघाली, हे मी मनात ठेवलं.

त्यांतलं सगळ्यांत लाडकं पोर म्हणजे नाल्यावरचा पूल. आडरस्त्यावर दोन गावांच्या मधून एक नाला वाहतो. पावसाळ्यात तो भरला की पलीकडच्या गावाला दवाखाना नाही, शाळा नाही, आणि संत्र्याच्या गाड्या काठावर उभ्या. भाऊंनी हा प्रश्न भोपाळला विधानसभेत मांडला, तोही स्वतःच्या हिंदीत: "अध्यक्ष महोदय, हमारे नाले को पूर आता है, तो लोक अडकून राहते हैं!" सभागृह पोट धरून हसलं. भाऊ परतले ते छाती काढून. "हासले त हासले. ऐकलं त खरं."

आचारसंहिता लागायच्या आदल्या दिवशी त्यांनी घाईघाईत अलीकडच्या काठावर भूमिपूजन उरकलं, दगड लावला, आणि निवडणूक हरले. जिंकले ते शेषराव. हे पलीकडच्या गावचे. भाऊंचे शाळेतले सोबती आणि तेव्हापासूनचे विरोधक. दौलतचा दगड आधीच लागलेल्या जागी भूमिपूजन करणं शेषरावांच्या शानेत बसेना. त्यांनी पलीकडच्या काठावर दुसरं भूमिपूजन केलं आणि मुद्दाम वीतभर मोठा दगड लावला. तेव्हापासून नाल्याला दोन्ही काठांवर कोनशिला आहेत. मधे पाणी.

आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. नदीच्या दोन काठांवर उभी राहून माणसं एकमेकांवर दगड फेकतात. या दोघांनी तेच केलं, फक्त संगमरवराने आणि बारमाही. मोजणीचे लोक आले की भाऊ अर्ज टाकत: पूल इकडून सुरू होतो, आधी इकडचा जोडरस्ता करा. शेषराव अर्ज टाकत: पूल तिकडून सुरू होतो. पुलाला दोन्ही टोकं असतात अशी माझी भाबडी समजूत होती. मोजणीचे लोक दोन्ही अर्ज घेऊन जात आणि पुन्हा वर्षभर येत नसत.

पुढे शेषरावही पडले आणि तेही रविवारी आपला दगड धुवायला येऊ लागले. मग इकडे आम्ही, तिकडे ते. भाऊ ब्रश थांबवून ओरडत, "काऊन गा शेषराव, झाला का पूल?"

पलीकडून उत्तर यायला थोडा वेळ लागे. शेषराव आधी पान थुंकत.

"तुह्या दगडाखाली पाह्य नं दौलत! दबला असन!"

"तुहा दगड मोठा आहे बे! तुह्याखाली असन!"

"पण नाव मोठं दिसते नं? जळून राहिला काय?"

परतताना भाऊ दर वेळी म्हणत, "पूल झाल्याबिगर मी मरत नाही, मास्तर. अन् तो इकडूनच सुरू होईन." मला ते पटायचं. अशा कारणासाठी माणूस फार जगतो.

गेल्या हिवाळ्यात शेषराव गेले.

आमच्याकडे घाटावर शोकसभा होते आणि भाऊंनी आजवर एकही सोडलेली नाही. न पाहिलेल्या माणसावरही ते असं बोलतात की नातेवाइकांना मेलेल्याची नव्याने ओळख पटते. त्या दिवशी माइक हातात आला. भाऊंनी तो नुसता धरून ठेवला आणि शेजारच्याला देऊन टाकला. लोक म्हणाले, वैर मेल्यावरही संपलं नाही.

त्यानंतर रविवारी भाऊ मला बोलवेनात. "पाठ दुखते," म्हणाले. स्कूटर मात्र निघत होती.

मग पांढुर्णा जिल्हा झाल्याचं फळ म्हणा किंवा अर्ज टाकणारं अर्धं मनुष्यबळ कमी झाल्याचं, पण यंदा पूल मंजूर झाला आणि काम सुरूही झालं. भाऊ सकाळीच दारात. "चाला मास्तर. दगड काढून राहिले म्हणते."

मी घरी सांगून निघालो की जेवायला वाट पाहू नका. निमंत्रणपत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून हा माणूस मांडवाच्या दारात आडवा झालेला मी पाहिला होता.

नाल्यावर भोपाळकडचा एक तरुण इंजिनियर उभा होता. "काका, दोनों पत्थर हटाने पड़ेंगे. रास्ते में आ रहे हैं."

"माहा काढ," भाऊ म्हणाले. "हात लावू काय?"

ते धोतर सावरत कोरड्या नाल्यातून पलीकडे गेले आणि शेषरावांच्या दगडाशेजारी मातीत बसले. "हा नाही हटणार."

"काका, रोड यहीं से जाएगा."

"तं रोड सरकव. मी बसलो आहे. मले घाई नाही."

मी जवळ गेलो. अलीकडच्या काठावर भाऊंच्या स्वतःच्या दगडावर शेवाळ धरलेलं येतानाच दिसलं होतं. शेषरावांचा दगड लखलखीत होता. अक्षरांत काळा रंग ताजा भरलेला.

ऊन डोक्यावर आलं. मजुरांनी डबे सोडले, एकाने भाऊंना भाकर दिली, ती त्यांनी बसूनच खाल्ली. शेवटी इंजिनियरने हात जोडले: दगड पुलाच्या पलीकडच्या टोकाला, कठड्यात बसवून देतो.

"लेवलमधी बसव. तिरपा दिसला त तो मले—" भाऊ थांबले. "तिरपा नको."

"और आपका वाला, काका?"

"त्याच्याच बाजूले लाव."

"भाऊ," मी म्हटलं, "म्हणजे पूल तिकडून सुरू होतो हे मान्य केलंत."

"होऊ द्या जी, मास्तर," ते गुडघे धरून उठत म्हणाले. "आता नाही म्हणायले कोण बसलं आहे?"

उद्घाटनाला ते गेले नाहीत. मांडव उठल्यावरच्या रविवारी मात्र मला बादलीसकट घेऊन गेले. पुलावरून संत्र्याची एक गाडी आरामात निघून गेली. भाऊंनी आधी शेषरावांचं नाव घासलं, मग स्वतःचं. दोन पावलं मागे झाले, ब्रश हातात धरून, आणि नाल्याभर ऐकू जाईल एवढ्याने ओरडले, "काऊन गा शेषराव, झाला का पूल?"

मग पान थुंकायला लागतो तेवढा वेळ थांबले, आणि खाली बसून ब्रश धुऊ लागले.