कुमुदचा कुणावर भरवसा नाही

कुमुद तोंडापुढे हात धरल्याशिवाय बोलत नाही. दात सगळे जागेवर आहेत, तोंडाला वास नाही, आणि लाजणं तर तिच्या स्वभावातच नाही. पण दादरच्या मंडईत मेथीची जुडी केवढ्याला हे विचारायचं असलं, तरी ती आधी डावीकडे बघते, मग उजवीकडे बघते, तोंडासमोर आडवा हात धरते आणि कुजबुजते. भाजीवालीही आता हात धरूनच भाव सांगते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सोन्याची बिस्किटं चालली आहेत.

"ओठांवरून वाचतात गं, वहिनी."

"कोण वाचतं?"

"समोरचे."

समोरचे म्हणजे नेटच्या पलीकडचे. कुमुद बॅडमिंटनच्या दुहेरीतली चँपियन. एके काळी ती आणि तिची जोडीदार नलू राज्यात कुणाला हार जात नव्हत्या. त्या खेळावर तिला बँकेत नोकरी लागली. दोन पॉइंटांच्या मध्ये जोडीदाराशी बोलताना तोंडापुढे रॅकेट धरायची, ही दुहेरीतली रीत. बाकीच्या खेळाडू हॉलच्या बाहेर पडल्या की ती रीत चपलांच्या कपाटापाशी सोडतात. कुमुदच्या लेखी हॉल कधी संपलाच नाही.

"यात काहीतरी आहे," हे तिचं दिवसातलं सगळ्यांत आवडतं वाक्य. दूधवाला वेळेवर आला, यात काहीतरी आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीने दिवाळीत आपणहून बेसनाचे लाडू पाठवले, तेव्हा तिने एक लाडू खिडकीत उजेडाला धरून बघितला. आत काय दिसणार होतं, कोण जाणे. शटलचा नवा डबा उघडला की ती प्रत्येक शटलची पिसं मोजते. सोळा असतात. ती जन्मल्यापासून सोळाच आहेत. तरी मोजते. लग्नासाठी एक मुलगा बघायला आला होता, चांगला उंच, सरकारी नोकरीतला. हिने विचारलं, लग्नानंतर खेळलेलं चालेल का? तो म्हणाला, हो. बाहेरगावी सामने असतात. तो म्हणाला, जा की. "इतकं हो म्हणतो म्हणजे यात काहीतरी आहे," म्हणून तिने त्याला परत पाठवला.

मी तिच्या खालच्या मजल्यावर नवी नवरी म्हणून आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. दोन वेण्या, आणि अक्कल जेमतेम एका वेणीपुरती. पहिल्याच रविवारी आमचे हे मला तिचा सामना बघायला घेऊन गेले. मला बायकांच्यात बसवलं आणि स्वतः कुमुदच्या बरोबर मागच्या बाकावर जाऊन बसले. बघते तर काय, सर्व्हिस करायच्या आधी ही बाई हात पाठीमागे नेऊन बोटं दाखवते आहे! कधी एक, कधी दोन, कधी मूठ. तिने दोन बोटं दाखवली आणि त्याच क्षणी ह्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

दोन वाजता! माझा संसार तिथेच, त्या लाकडी बाकावर, आटोपला. घरी आल्यावर मी दाराला पाठ लावून बसले. दोन वाजले. हे आंबेमोहर भात खाऊन घोरत पडले होते. तीन वाजले. घोरणं फक्त वरच्या पट्टीत गेलं. दुसऱ्या दिवशी मी धीर करून वर गेले आणि थेट कुमुदलाच जाब विचारला. कुणीही हसलं असतं. ही हसली नाही. हिचा चेहरा पांढरा पडला.

"ती खूण तुला दिसली? सर्व्हिस आखूड की लांब, ते नलूला सांगायची खूण आहे ती. एवढ्या लांबून तुला दिसते म्हणजे समोरच्यांना दिसतच असणार." आणि त्याच संध्याकाळी तिने सगळ्या खुणा बदलल्या. माझ्या संसाराची चौकशीसुद्धा केली नाही.

नलूच्या आधी तिने किती जोडीदार बदलल्या, त्याला हिशेब नाही. एकीने सामन्याआधी समोरच्या मुलीकडून केसांची पिन मागून घेतली, ती गेली. एक ऐन मोक्याला शिंकली, तीही गेली. नलू बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा काही दिवस माझी वर्णी लागली होती. मी वेणीला गुलाबी रिबीन बांधून कोर्टवर उतरायची, स्मॅश आला की डोळे मिटायची, आणि समोरचीने तो छान मारला तर रॅकेट काखेत धरून टाळ्या वाजवायची. "किती सुंदर मारलात हो!" असंही म्हणायची. कुमुदने मला बाजूला घेऊन, तोंडापुढे रॅकेट धरून सांगितलं, "वहिनी, तू पलीकडची आहेस."

टिकली ती एकटी नलू. दुहेरीत एक जण नेटपाशी उभी राहते आणि दुसरी मागे. पुढचीने वळून बघायचं नसतं. घराचं कुलूप ओढून बघून, जिना उतरून, पुन्हा वर येऊन ओढून बघणारी ही बाई कोर्टवर एकदाही मागे वळली नाही. मागे नलू आहे, एवढं तिला पुरे होतं.

म्हणून यंदा हिवाळ्यात जे झालं ते मोठंच होतं. पासष्टीच्या पुढच्या बायकांची स्पर्धा तोंडावर आली होती, आणि नलू मंगळवारचा सराव चुकवायला लागली. म्हणे, भजनाला जाते.

"नलू? भजनाला?" कुमुद माझ्या स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली. "गणपतीसमोर हात जोडत नाही ती! यात काहीतरी आहे. दुसऱ्या कुणाबरोबर खेळते आहे ती, वहिनी. तसं निघालं तर मी तिला सोडली."

पन्नास वर्षांची जोडी तुटायला आली होती. खरं सांगते, मला वाईट वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी मी गच्चीवर जाऊन दोरीवरच्या उड्या मारून बघितल्या. न जाणो, जागा रिकामी झाली तर! नातीने खाली जाऊन सांगितलं, आजी पाण्याच्या टाकीला धरून उभी आहे.

मंगळवारी आम्ही नलूच्या टॅक्सीमागे टॅक्सी घातली. पाळतीवर जायला कुमुदने टोमॅटोच्या रंगाचा ट्रॅकसूट घातला होता.

"भैया, वो टॅक्सी छोडना नहीं," ती हात तोंडाशी धरून म्हणाली.

"क्या बोली, माताजी? जोर से बोलो."

ती जोरात बोलेना, म्हणून मीच ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "बहू भाग गयी क्या?"

परळ आलं. भोईवाड्यात एका इमारतीशी नलू उतरली आणि जपून, भिंतीला हात लावत आत गेली. पाटी डोळ्यांच्या दवाखान्याची होती. आम्ही आत जाऊन बाकावर बसलो. मी पदर डोक्यावरून ओढला, कुमुदने कुणाचं तरी मासिक उघडून धरलं. ते उलटं होतं.

थोड्या वेळाने नलू बाहेर आली. पळायला वेळच नव्हता. ती आमच्या समोरून गेली, आम्ही तिच्या डाव्या हाताला. इतक्या जवळून गेली की तिची ओढणी कुमुदच्या गुडघ्याला लागली. मासिक केव्हाच खाली आलं होतं. कुमुद तिच्याकडे बघत होती, तो टोमॅटो समोर धगधगत होता, आणि नलू म्हणाली, "सॉरी हं." कुणाला म्हणाली ते तिलाही माहीत नसावं. पुढे जाऊन ती डावीकडच्या खुर्चीवर आपटली, गुडघा चोळला आणि बाहेर गेली.

परतीच्या टॅक्सीत कुमुद म्हणाली, "वहिनी, आज आपण कुठे गेलो होतो?"

"भोईवाड्याला."

"नाही. हिंदमाताला. साडी बघायला."

"बरं. घेतली का?"

"आवडली नाही."

आता नलूचा निकाल लागणार, असं मी धरून चालले होते. शिंकणारी गेली, मग डावीकडचं जिला दिसत नाही ती कशी राहील? नलूही त्याच भीतीने भजनाला जात असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पण पुढच्या सरावाला कुमुदने एवढंच सांगितलं, "आजपासून डावी बाजू माझी. आणि पुढे-मागे उभं राहायचं नाही. शेजारी शेजारी खेळायचं."

"का गं?" नलूने विचारलं.

"तुझ्यावर माझा भरवसा नाही. वय झालंय तुझं."

नलूचा चेहरा उतरला. तिच्याहून दोन वर्षांनी मोठी असलेली कुमुद तेव्हा शटलची पिसं मोजत होती.

स्पर्धेत त्यांच्यासमोर पुण्याची जोडी होती. कुमुद डावीकडचं घ्यायची, मधलं घ्यायची, मागे पळायची, पुन्हा नेटशी यायची. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "या वयात केवढी ही हाव! त्या बिचारीला हात लावू देत नाही."

कोर्टवरून नलूही ओरडली, "कुमे, माझं होतं ते!"

"तुझ्यावर सोडलं असतं तर पडलं असतं!"

हरल्या. पहिल्याच फेरीत, सरळ दोन गेममध्ये. कुमुद धापा टाकत पंचांकडे गेली आणि डावीकडचे दिवे मंद ठेवल्याबद्दल भांडली. पंच म्हणाले, "काकू, सगळे दिवे सारखेच आहेत." ती म्हणाली, "आम्हा दोघींना दिसत नव्हतं. आमची जोडी आहे. दोघींनाही एकच दिसतं."

आम्ही चालत निघालो. नलू मध्ये, कुमुद तिच्या डाव्या अंगाला, आणि मी दोघींच्या किटबॅगा घेऊन मागे. फुटपाथ नेहमीसारखा उखडलेला होता. कुमुद मोठमोठ्याने म्युनिसिपालिटीला शिव्या घालायला लागली.

"बघ, केवढी उंच पायरी केलीय! म्हाताऱ्या माणसांनी पडावं म्हणूनच!"

नलूने पाय उचलला.

"आणि हा खांब बघ, ऐन वाटेत! कुणाच्या तरी मेव्हण्याला खांबांचं कंत्राट असणार!"

नलू उजवीकडे सरकली. मी आधी नुसतीच वैतागले होते, रस्त्यातले लोक बघत होते. मग माझं लक्ष नलूच्या पायांकडे गेलं.

थोडं पुढे जाऊन नलू थांबली.

"कुमे."

"काय?"

"आणखी पुढे काय काय केलंय गं मेल्यांनी?"



"बरंच केलंय," कुमुद म्हणाली. "चल, सांगते."