वाळू चाळणाऱ्या माशावरील देखरेखीचा वृत्तांत

खाऱ्या पाण्याच्या लहान टाकीत वाळू चाळणारा मासा कसा ठेवावा, त्याच्याकडून काम कसे घ्यावे आणि त्यात माझे काही कसे चुकले नाही, याचे साद्यंत निवेदन मी येथे करणार आहे. वाचकांनी चित्त स्थिर करावे.

सृष्टीत प्राणिमात्रांचे दोन वर्ग आढळतात: काम करणारे आणि काम पाहणारे. पहिल्यांचे हात दुखतात, दुसऱ्यांचे डोळे. आणि डोळा हा अवयव अधिक नाजूक असल्याने दुसऱ्या वर्गास छत्री मिळते. मी एकतीस वर्षे बांधकामावर मुकादम आहे.

आमच्या जावईबापूंनी घर बदलताना दीड हात लांबीची काचेची टाकी आमच्याकडे ठेवली. तिच्या तळाच्या पांढऱ्या वाळूवर तपकिरी थर धरू लागला, तेव्हा मासेवाल्याने उपाय म्हणून गोबी नावाचा मासा दिला (भाजीशी संबंध नाही; मी विचारून घेतले). लांबी बोटाएवढी, अंग पांढरे, डोके पिवळे, जणू हेल्मेट घालूनच जन्मलेला. तो वाळूचा घास तोंडात घेतो, कल्ल्यांतून गाळतो आणि जवळपास तिथेच सोडतो. मग पुन्हा घेतो.

मी त्यास त्याच दिवशी हजेरीपटावर चढवले. एका तासात दोनशे चौदा घास. पैकी एकशे नऊ खिडकीच्या अंगास, चौऱ्याण्णव भिंतीच्या अंगास, अकरा अंदाजे (त्या वेळी मी चहा पीत होतो). तंबाखूची सुट्टी नाही, गावी कोणी आजारी नाही. हा आदर्श दाखवण्यासाठी मी माझ्या हाताखालची चौदा माणसे घरी आणली. एक म्हातारा गवंडी बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "मुकादम, वाळू चाळतोय खरी, पण भिंत कधी बांधणार?" प्रश्न अज्ञानातून आलेला असल्याने मी तो वहीत घेतला नाही.

कामगारास उत्तम माल पुरवणे हे मुकादमाचे आद्य कर्तव्य होय. टाकीतल्या वाळूत मला बारीक किडे, गाळ आणि कसलेसे कण दिसले. असल्या मालावर कोणास राबवणे माझ्या मनास पटेना. सबब, दर रविवारी मी सगळी वाळू उपसून पिठाच्या चाळणीतून चाळू लागलो आणि नळाखाली सात पाण्यांनी धुऊन परत टाकू लागलो. परिणाम तात्काळ दिसला. पहिल्या रविवारनंतर तासाला दोनशे साठ घास, दुसऱ्यानंतर तीनशे पाच. चाळणीबाबत आमच्या मंडळींनी (म्हणजे माझ्या पत्नीने; घरात आम्ही दोघेच आहोत) हरकत नोंदवली. नवीन चाळणीचे आश्वासन देण्यात आले.

तिसऱ्या आठवड्यात माशाचे पोट आत गेले. "अंग कामाला सरावले," अशी मी नोंद केली.

"अहो, तो भुकेला आहे," मंडळी म्हणाली.

"भुकेला असता तर एवढं काम केलं असतं का?"

"भुकेला आहे म्हणूनच करतोय. राबणाऱ्याच्या हातांकडे बघता तुम्ही. पोटाकडे कधी बघितलंय?"

दुसऱ्या दिवशी माशाने काम थांबवले. तो कोपऱ्यात आडवा पडून होता. मी प्रथम नियमाप्रमाणे अर्ध्या दिवसाचा खाडा मांडला. मग मात्र मला घरात बसवेना. मी तडक मासेवाल्याकडे गेलो आणि सगळे सांगितले.

"काका," तो म्हणाला, "तो साफसफाई करत नाही हो. जेवण शोधतो. त्या किड्यांवरच तर जगतो तो. तुम्ही त्याचं ताट घासूनपुसून पुढ्यात ठेवलंत, आणि वर घास मोजत बसलात."

"वाचेल का?"

"तोंड उघडत असेल तर वाचेल. एवढ्याशा टाकीत नुसत्या वाळूवर त्याचं भागत नाहीच. कोळंबी बारीक करून तळाशी सोडा, दिवसातून तीनदा. आणि ती चाळणी काकूंना देऊन टाका."

घरी आलो तो मंडळी स्टुलावर चढून माझ्या डोळ्यांच्या औषधाची रिकामी नळी पाण्यात घालून बसलेली. नळीत कोळंबीच होती. तिला कोणी सांगितले होते कोण जाणे. पहिला घास माशाने थुंकला. दुसराही थुंकला. तिसऱ्याला कल्ले हलले आणि बाहेर काही आले नाही.

"गिळलं," ती हळूच म्हणाली.

ही बाब वहीत नोंदवता आली नाही. दोन्ही हातांनी मी कोळंबीची वाटी धरली होती.

आज महिना झाला. पोट गोल आहे. कामाचा वेग तासाला एकशे वीस घासांवर आला असून दुपारी मासा बिळात पडून राहतो. आकडेवारीवरून असे निर्विवाद सिद्ध होते की उपाशी कामगार दुपटीहून अधिक काम करतो. हा शोध कोणाला सांगू नये, अशी मंडळींची सूचना आहे. परंतु ज्ञान दडवणे मला प्रशस्त वाटत नाही.

वाचकहो, येथवर वाचल्याबद्दल मी आपला ऋणी आहे. आपणास हे स्वस्थ बसून वाचता आले, त्या अर्थी आपल्या घरात कोणीतरी उभे असणार. त्यांच्या कामाची स्तुती आपण वेळोवेळी करत असालच. आज जेवलात का, एवढे विचारून पाहावे आणि उत्तर मला कळवू नये.

आपला नम्र,
मुकादम
(बांधकाम व मत्स्य)