निरीक्षणापूर्वीची लिफ्ट

शहरातल्या लिफ्ट तपासणाऱ्या उद्वाहन विभागाच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्येच थांबली, तेव्हा आत पदार्थविज्ञानाचे निवृत्त सर एकटेच होते. लिफ्ट बंद पडल्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. पण निघताना त्यांनी चांगला दोन कप चहा ढोसला होता आणि त्याला आता बाहेर पडायची घाई झाली होती.

"काळजी करू नका, सर," दाराच्या फटीतून आवाज आला. त्यांचाच जुना विद्यार्थी, आता इथला मुख्य निरीक्षक. "फक्त, लिफ्ट अडकलीय असं आत्ताच म्हणता येणार नाही."

"अरे, मी आत उभा आहे."

"निरीक्षण होईपर्यंत लिफ्ट चालूही असते आणि बंदही. तुम्हीच शिकवलंत. त्यावरच तर विभागाचं परिपत्रक निघालंय."

"मी बघतोय ना, बंद आहे ते."

"तुमचं बघणं धरता येत नाही. तुम्ही आत आहात, म्हणजे लिफ्टचाच भाग झालात."

सरांनी पायाला पाय आवळला. "मग तू बघ की."

"मी बघितलं की स्थिती बदलणार. त्याला साहेबांची पूर्वपरवानगी लागते. साहेब जेवायला गेलेत."

"गाढवा," सर कळवळून म्हणाले, "वर्गात घसा कोरडा केला होता रे. निरीक्षणाला डोळे लागत नाहीत. कशावरही खूण उमटली की झालं निरीक्षण. भिंतीवर, धुळीवर, कशावरही."

"तो भाग मी ऑप्शनला टाकला होता, सर."

हे ऐकून सरांचा धीर सुटला. मागोमाग उरलेलंही सुटलं.

यथावकाश साहेब जेवून आले, परवानगी मिळाली आणि दार उघडलं. बाहेर अख्खा विभाग जमला होता. सरांच्या पँटवरून फरशीपर्यंत गेलेला ओघळ समोर येताच सगळ्यांनी एकदम छताकडे बघायला सुरुवात केली. निरीक्षकाने तर छतावरची नजर न हलवता शेरा लिहिला: 'आक्षेपार्ह काहीही निरीक्षणास आले नाही.' ज्याला वर्षभर ढ म्हणून हिणवलं, त्या पोराबद्दल सरांना भरून आलं. शिपायाने फरशीही पुसून टाकली.

कोणीच काही पाहिलं नव्हतं. सर ताठ मानेने जिना उतरले. त्यांची अब्रू शाबूत घरी पोहोचलीही असती, पण तेवढ्यात तुम्ही हे शेवटपर्यंत वाचलंत.