टॉवेल धरणारे अण्णा

प्रिय अद्वैत आणि सई,

मी पाठवलेल्या फोटोत मी विहिरीच्या पायऱ्या चढते आहे, पाठीला वाळका भोपळा बांधलेला आहे आणि चेहऱ्यावर तेज आहे. ते तेज नाही, नाकात पाणी गेलं होतं. पण तुम्ही माझ्याबद्दल अवाक्षर विचारलं नाहीत. विचारलंत ते एवढंच, "आजी, मागचे ते आजोबा सगळ्यांकडे पाठ करून टॉवेल धरून का उभे आहेत?"

फोनवर सांगायला घेतलं की एक तर तुमची झोपायची वेळ होते नाही तर माझी. आणि फोटो ठेवून देणार असाल तर त्यातला मुख्य माणूस कोण, हेही त्याच्यासोबत राहायला हवं. म्हणून लिहिते.

त्यांचं नाव रामलिंग अण्णा. मूळ निलंग्याकडचे. लातूर मागे पडून निलंगा रोड मोकळा होतो तिथे त्यांचं शेत आहे, आणि शेतातल्या विहिरीवर आमचा ट्रायथलॉन क्लब. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. अण्णांना या तिन्हींत फारसा रस नाही. त्यांचा जीव आहे मधल्या जागेत, पाण्यातून निघालेला माणूस कपडे करून सायकलवर बसतो तिथे. त्याला ते 'पालट' म्हणतात.

"पवायला कुनालाबी येतंय, बाई. शर्यत पालटात जाती."

हे वेड त्यांच्या अंगावरच दिसतं. शर्टाला काजाबटणं नाहीत, टिचबटणं आहेत. पायजम्याला इलॅस्टिक. "नाडीनं लई टाइम खाल्ला माझा," असं ते जुन्या वैऱ्याबद्दल बोलावं तसं बोलतात. कुणाच्या घरी गेले तर चपला दाराबाहेर उलट्या तोंडाने काढतात, निघताना पाय आपोआप आत जावेत म्हणून. लग्नात शेवटची अक्षता खाली पडायच्या आत हा माणूस पंगतीत बसलेला असतो.

मी तिथे कशी पोचले, तर दोष तुझा, अद्वैत. तू तिकडच्या ट्रायथलॉन क्लबात नाव घातलंस आणि वर म्हणालास, "आजी, लातुरात असलं काही नसणार." मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, चूक ऐकली की दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. "लातुरात सगळं आहे," मी ठणकावून सांगितलं. मग फोन ठेवला आणि ट्रायथलॉन म्हणजे काय ते पाहिलं.

पुढचे दिवस शोधण्यात गेले. एका व्यायामशाळेत मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "नातवाचं नाव घालायचंय का?" दुसरीकडे योगवर्गाची वेळ सांगितली. शेवटी सायकलच्या दुकानात विचारलं.

"पवायचं, सायकल चालवायची, वर पळायचं?" दुकानदार पंक्चर काढता काढता थांबला. "एकाच दिवशी?"

"एकापाठोपाठ."

"मग रामलिंग अण्णाकडं जावा. असले समदे तिथंच जमतेत."

मी फाइल घेऊन गेले. आधार कार्ड, डॉक्टरांचा दाखला, दोन फोटो, सगळं क्रमाने लावलेलं. अण्णांनी फाइलकडे पाहिलं नाही. माझ्या सँडलकडे पाहिलं.

"ह्ये बक्कल काढायला किती येळ लागतो, बाई?"

वेळ लागत होता. मी तेव्हाही बक्कलच काढत होते.

पहिल्या दिवशी क्लबातले भोपळा बांधायला आले तर मी तो झिडकारला. "मी नांदेडची आहे. गोदावरीत पोहलेली आहे." खरं होतं ते. फक्त तेव्हा मला दोन वेण्या होत्या. मी ऐटीत विहिरीत उतरले, चार हात मारले आणि थेट खाली निघाले. बुडताना माझ्या तोंडून जे निघालं ते क्लबात अजून सांगतात. मी "एक्सक्यूज मी" म्हणाले.

आमच्यातल्या दाताच्या डॉक्टरांनी मला दंडाला धरून वर काढलं. "बाईला भोपळा बांधा!" अण्णा ओरडले, पण वळले नाहीत. बायका ओल्या अंगाने वर येतात म्हणून ते पाण्याकडे पाठ करून उभे राहतात आणि टॉवेल दोन्ही हातांनी मागे धरतात. तुमच्या प्रश्नाचं हे अर्धं उत्तर झालं.

उरलेलं अर्धं सांगायचं तर क्लबाची लाज सांगावी लागेल. ट्रायथलॉन क्लबात तिन्ही करणारं कुणीच नव्हतं. डॉक्टर पोहायचे, सायकल चालवायचे आणि गुडघा धरून बसायचे. बँकेतली सुनीता सायकल चालवायची, हरणासारखी धावायची, पण पाण्यात घोट्याच्या वर जायची नाही. आणि अण्णा स्वतः?

"म्या पान्यात उतरलो तर टावेल कोन धरंल?"

यंदा हुरड्याच्या दिवसांत अण्णांचा संयम सुटला. "तीन म्हंजे तीन! ह्या रविवारी एकानं तरी तिन्ही केलं न्हाई तर क्लब बंद. मंग ह्यो क्लब न्हाई, गप्पाचा कट्टा हाय." आम्ही हसलो. पण दुसऱ्या दिवशी विहिरीशेजारच्या कडुलिंबावरची क्लबाची पाटी खाली होती, विहिरीच्या भिंतीला टेकवलेली, अक्षरं आतल्या बाजूला. आणि अण्णा टॉवेलांच्या घड्या घालत होते, त्याच पुन्हा मोडून पुन्हा घालत होते. आता कुणी हसलं नाही.

"मी करते," मी म्हणाले.

"तिन्ही?" डॉक्टरांनी माझ्या दातांपासून पायांपर्यंत पाहिलं.

"एकापाठोपाठ."

रविवारी पाणी कोमट होतं, बाहेर वारा बोचरा. भोपळ्याच्या कृपेने माझ्या फेऱ्या झाल्या, मी वर आले, सुनीताने तुमचा तो फोटो काढला. आडोशाला ओले कपडे बदलून मी दगडावर मोजे घालायला बसले, आणि तिथेच सगळं अडलं. माझी बोटं सांध्यांत वाकडी झालेली तुम्हाला माहीत आहेत. गार वाऱ्याने ती लाकडासारखी झाली. मोजा ओल्या पावलावर अर्ध्यात चिकटला. मी ओढला, तो फिरला. टाच वर आली. स्वतःचं सगळं स्वतः करणारी मी, एका मोज्यासमोर हरत होते.

"झालं का, बाई?" अण्णांनी पाठमोरं विचारलं.

"नाही."

"वळू का?"

"वळा."

ते समोर बसले. मोजा काढून त्यांनी टोकापर्यंत गुंडाळत आणला, बोटांवर ठेवला आणि एका हाताने सरळ वर सोडला. दुसराही तसाच. मग स्वेटर घेतला. मी डावा हात पुढे केला.

"दुखरा हात आधी. मंग चांगला."

उजवा खांदा दुखतो हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. "हे कुठे शिकलात, अण्णा?"

"घरचीच्या अंगावरून वारं गेल्तं," बुटाची जीभ बाहेर ओढत ते म्हणाले. "उजवी बाजू गेली. तिला सकाळी जल्दी तयार होऊन वट्ट्यावर बसायचं ऱ्हायचं, येनारंजानारं बघत. पदर, झंपर, नाडी, समदं म्याच. उशीर झाला की शिव्या द्यायची. बोलता येत नव्हतं, तरी द्यायची." ते हसले. "लई फास्ट झाल्तो बाई म्या. मंग ती गेली. सकाळी उठायचं न् हे हात घिऊन बसायचं. कुनाला तयार करावं?"

मी दुसरा पाय पुढे केला. त्यांनी त्यातही बूट चढवला आणि ते उभे राहिले.

"उठा! पालटात बसून ऱ्हायल्या व्हय? जावा!"

मी गेले. नाक्यापर्यंत सायकल, परत, मग गावच्या कमानीपर्यंत धावणं. धावणं हा शब्द मी तुमच्यासाठी वापरते आहे. डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेल्या एका बाईने मला मागे टाकलं आणि वळून विचारलं, "कुनी मागं लागलंय का, मावशी?"

"नाही. मी धावते आहे."

"ह्ये?" ती म्हणाली आणि पुढे निघून गेली.

मी परतले तेव्हा हुरड्याची आगटी विझली होती. डॉक्टर झोपले होते. अण्णा टॉवेल धरून उभे होते, या वेळी तोंड रस्त्याकडे करून.

"तीन," ते म्हणाले. त्यांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, पाटी उचलली आणि लिंबाकडे चालू लागले.

आता मला पोहताना भोपळा लागत नाही असं लिहिणार होते, पण सुनीता तुमच्याशी बोलते. भोपळा लागतो. सुनीता घोट्याऐवजी गुडघ्यापर्यंत उतरते. डॉक्टरांचा गुडघा आहे तसाच आहे. पाटी लिंबावर आहे, आणि रोज सकाळी आम्ही पोचायच्या आत दगडावर सगळ्यांचे मोजे गुंडाळून मांडलेले असतात.

तुमची,
आजी