पाठ भिंतीला, तोंड दाराला

माझे सासरे कुणाच्याही घरात शिरले की चपला काढायच्या आधी छताकडे बघतात. नवख्या घरातली बाई ओशाळते, तिला वाटतं पाहुण्यांना जळमटं दिसली. जळमटांशी त्यांना काही घेणंदेणं नसतं. ते वायर बघत असतात. कुठून आली, कुठे वळली, कुणी ठोकली.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. हे मामा फौजेत सिग्नलमध्ये होते. डोंगरदऱ्यांतून तारा ओढायच्या आणि येणारे-जाणारे निरोप घ्यायचे, द्यायचे, यात उमेदीची वर्षं गेली. पेन्शन घेऊन कोरेगावजवळच्या आपल्या गावी परतले, पण वर गेलेली नजर काही खाली आली नाही.

लग्नाआधी ते सांगलीला आमचं घर बघायला आले, तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून, तोंडाला पावडर लावून समोर बसलो होतो. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. दारावरच्या घंटीची वायर बघत होते.

"ही कुणी टाकली?"

"मीच," मी छाती काढून म्हणालो.

त्यांनी वायरीवरून दारापर्यंत बोट फिरवलं आणि माझ्या वडिलांना सांगितलं, "वायर वाकडी हाय, पण पोरगा सरळ दिसतोय." लग्न ठरलं. वायरीबद्दलचं मत त्यांनी अजून बदललेलं नाही. माझ्याबद्दलचं मी विचारायला जात नाही.

नव्वदीच्या अखेरीला शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, घरात कॉम्प्युटर घेऊन लग्नपत्रिका छापून द्यायचं काम सुरू केलं. काम वाढलं तसा दुसरा कॉम्प्युटर आला. बाहेरच्या खोलीत ती पत्रिकेचा मजकूर टाइप करायची, आतल्या खोलीत मी शाळेतली कारकुनी उरकून आल्यावर प्रिंट काढायचो. मधे फ्लॉपी घेऊन पळायचं कामही माझंच. आमच्या घरातलं नेटवर्क म्हणजे मी, आणि ते दमलं की बंद पडायचं. एकदा मी जुनीच फ्लॉपी घातली आणि निमंत्रकांच्या यादीतून मुलीचे थोरले चुलते गायब झाले. ते स्वतः आले. "माझं नाव छापल्याबिगर उठणार न्हाई," म्हणून बसले ते जेवूनच उठले.

मग ठरलं की दोन्ही मशीन वायरीने जोडायची. दुकानदार म्हणाला, "काळी गोल वायर घ्या, केबल टीव्हीला असते तसली. दोन्ही टोकांना या टोप्या बसवा. झालं." दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला एक भोक पाडायचं, अलीकडे शैलाचं टेबल, पलीकडे प्रिंटर. अर्ध्या तासाचं काम. मी पंधरा मीटर वायर आणली, तीही जास्तच म्हणून. चूक एवढीच झाली, की शैलाने हे फोनवर गावी सांगितलं.

दुसऱ्या दिवशीच्या एसटीने मामा हजर. हातात ट्रंक, खिशात खडू. सासूबाईंचा निरोप होता, "आठवडाभर ठेवून घ्या. हितलं छत बघून झालंय."

मी भोक पाडायला हातोडी घेतली, तर मामांनी ती काढून घेतली. "जावईबापू, आधी रेकी, मग टेकी."

टेकी म्हणजे बूड टेकणं. पाहणी झाल्याशिवाय कुणी, कुठे, काही टेकवायचं नाही. पाहणी तीन दिवस चालली. मामा स्टुलावर बसून वहीत नोंदी करत होते. ती वही मी चोरून वाचली. 'सकाळी सात. जावईबापू. दाढी. गाणं बेसूर.' 'साडेसात. दूधवाला. शैली सैपाकघरातून बाहेर, सोळा पावलं.' 'चार वाजता पश्चिमेच्या खिडकीतून ऊन, मशीनच्या पडद्यावर काय दिसायचं न्हाई.' रात्री त्यांनी फरशीवर पीठ भुरभुरवलं आणि सकाळी गुडघ्यावर बसून त्यातली पावलं तपासली. शैलाने वडिलांना विचारलं, "नाना, हे काय आणि?"

"उंदराचा रस्ता. त्याच्या वाटंवर वायर टाकली तर ती वायर न्हवं, न्याहारी हुती."

यातलं काहीच चुकीचं नव्हतं, हे मला आज कबूल करायला हरकत नाही. विजेच्या वायरीपासून हातभर लांब, हेही खरं होतं. वायर कोपऱ्यात मोडायची नाही, लाडाने वळवायची, हेही खरं. पण चौथ्या दिवशी त्यांनी फरशीवर खडूने टेबलाची जागा काढली आणि मी कपाळावर हात मारला. फुली थेट दाराच्या समोरच्या कोपऱ्यात होती. शैलाने भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचं. वायर दोन दारांच्या चौकटींवरून, अख्ख्या घराला वळसा घालून जाणार. चाळीस मीटर!

"मामा, येणाऱ्या गिऱ्हाइकाला मॉनिटरची पाठ दिसेल. लोंबणाऱ्या वायरी दिसतील."

"दिसू द्या की."

"अहो, पण मधल्या भिंतीला एक भोक पाडलं की..."

"भोक पाडा न्हाईतर भगदाड. भितीकडं तोंड करून माझी पोरगी बसायची न्हाई."

"का पण?"

"रेकीत तसंच आलंय," म्हणाले आणि वही मिटली.

तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं. पत्रिकांचा ढीग पडलेला. पाचव्या दिवशी मामा दाढीला म्हणून नाक्यावर गेले आणि मी संधी साधली. भोक पाडलं, वायर घातली, टोप्या बसवल्या, टेबल मधल्या भिंतीला सरकवलं. शैलाने बाहेर बटण दाबलं आणि आत प्रिंटर घरघरला! मी आयुष्यात पहिल्यांदा एका जागी बसून प्रिंट काढली. ती तर खूश होऊन लगेच पुढच्या पत्रिकेला लागली.

मी कागद घेऊन बाहेर आलो, तर मामा उंबऱ्यात उभे. केव्हा आले कोण जाणे. गाल गुळगुळीत, हातात शैलासाठी भडंगाचा पुडा. शैलाची त्यांच्याकडे पाठ होती.

"बाय," त्यांनी लेकीला हाक मारली.

"हं," ती म्हणाली. बोटं थांबली नाहीत, मान वळली नाही.

मामांनी पुडा हळूच खुर्चीवर ठेवला. मला वाटलं, आता फौजी भाषेत माझा उद्धार होणार. ते फक्त म्हणाले, "लाइन चालू झाली न्हवं? ब्येस झालं." आणि आत जाऊन ट्रंक भरायला लागले. मी त्यांच्यामागे गेलो तर ट्रंक उचलून बाहेर निघालेही. व्हरांड्यात मी ट्रंकेची कडी धरली.

"मामा, असं रागावून जाऊ नका."

"राग कशाचा? काम झालं, माणूस निघाला." कडी मात्र त्यांनी ओढली नाही. ट्रंक खाली ठेवून तिच्यावरच बसले.

"जावईबापू, तवा मी फौजेत नाईक हुतो," ते म्हणाले. "वर, बर्फात. सिग्नलची खोली म्हंजी चार हात जागा. टेबल भितीला चिकटवल्यालं, कानावर हेडफोन. एक दिवस निरोप यायला लागला. पत्त्यात नाव माझंच. मग डब्ल्यू, आय, एफ, ई. बायकूचं काय झालं, ते कळंना. पर हात थांबवायचा न्हाई, एकेक अक्षर येतंय तसं लिवायचं. पुढचं अक्षर यायला लय येळ लागतोय गड्या, लय येळ. मग आलं. मुलगी झाली. दोघी खुशाल."

मामा डोळे बारीक करून समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत होते.

"ड्यूटी अजून चार तास. मागं पाच जण आपापल्या कामात. बोलायचं न्हाई, उठायचं न्हाई. निरोप ज्याचा त्याला देऊन सही घ्यायची, असा कायदा. देणार मी, घेणार मी. दोन्ही सह्या ठोकल्या. आणि मी हसतोय का रडतोय हे बघायला म्होरं कोण? भित. माझी शैली झाली, ते मी पयलं त्या भितीला सांगितलं, जावईबापू. चांगली बातमी, आणि मागं बसलेल्या पाच जणांस्नी माझी पाठ दिसत हुती." त्यांनी गुळगुळीत गालावरून हात फिरवला. "ही दिसभर लोकांची लग्नं लिवणार. तिच्या घरात काय गोड घडलं, तर तिचं तोंड कुणाला दिसाय नको?"

घरात टकटक थांबली होती. कधी थांबली ते माझ्या लक्षात आलं नाही. शैला दारात आली. ओले हात पुसावेत तसे तिने कोरडेच हात पदराला पुसले.

"नाना, ह्यांना काय सांगत हुतासा?"

मामा दचकून उठले. "कुठं काय. वायर कमी पडतीया म्हणत हुतो."

"किती?"

"पंचवीस मीटर."

शैलाने वाकून ट्रंक उचलली आणि घरात न्यायला वळली. जाता जाता माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, तीस आणा."