गवरीचे माहेरपण

९ डिसेंबर १९८२, सकाळचे सव्वासात. सिहोऱ्यात डोमाजींच्या गोठ्यात गवरी नावाची संकरित गाय कानांना मफलर बांधून ओव्याची धुरी घेत होती आणि दारात तिचे मालक मनिराम ओरडत होते, ‘‘ए बुढा, पैसे मोजून गाय घेतली मी, तुयी पोरगी नाई मांगतली!’’

‘‘मंग पहिलं बाळंतपन माहेरी, हे कबूल काहून केलं, जवाईबापू?’’

डोमाजींची अटच तशी होती. कालवड विकताना ते किमतीची घासाघीस करीत नसत. पहिल्या वेतासाठी तिला परत आणण्याचे वचन तेवढे घेत. पुढे पाठवणीच्या दिवशी गायीची ओटी भरत आणि खरेदीदाराला टोपी देत. असे त्यांना पाच-सहा जावई होते. ते सारे त्यांना सासऱ्याप्रमाणे ‘मामाजी’ म्हणत. नाकाडोंगरीचे मनिराम मात्र या नात्याला तयार नव्हते.

‘‘दीड महिना झाला. दूध कोन पिऊन राहिलं?’’

‘‘तिचं लेकरू!’’

पशुवैद्यक म्हणून माझी ही पहिलीच नेमणूक. व्यायल्यानंतर गायी वेळेवर माजावर का येत नाहीत, याचा छडा लावून नाव कमवायचे, असा माझा बेत होता. गवरीच्या बाबतीत उत्तर तिच्या फासळ्यांवरच दिसत होते. झिजलेले शरीर पुढच्या गर्भाचा विचार करीत नाही. नुसत्या भाताच्या तणसावर ठेवून तिची धार काढली असती, तर ती वर्षभर गाभण राहिली नसती. मी टेप लावली. वजनाचा अंदाज देणारा छातीचा घेर अठ्ठावन्न इंच.

‘‘साठ झाला की न्या,’’ मी निवाडा दिला. मनिराम धुसफुसत परतले.

मग डोमाजींचे आणि माझे जुंपले. धुरीने गाय खोकत होती. धुरी मी बंद केली. मेथीच्या लाडवांऐवजी सरकीची ढेप, हिरवा चारा आणि खनिज मिश्रण सुरू केले. वर रोज फिरवण्याची सक्ती.

‘‘बाळंतिणीले कोनी फिरवते का, डाक्टरीनबाई?’’

‘‘मी फिरवते.’’

शेवटी तह झाला. ‘‘औषध तुमचं, लाड माहे.’’ मफलर राहिला.

जानेवारीत गवरी माजावर आली. मी कृत्रिम रेतन केले. दोनच दिवसांनी मनिराम दोर घेऊन हजर झाले. टेपचे दुसरे टोक नेहमीप्रमाणे डोमाजींनी धरले. गाय तर चांगली भरलेली दिसत होती, तरी आकडा साठाच्या आतच. मी वाकून पाहिले. म्हाताऱ्याने टेप इतकी आवळली होती की ती कातडीत रुतली होती.

त्यांच्या पत्नीनेही ते पाहिले. ‘‘जाऊ द्या ना तिले,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘पोटचं लेकरू नाई आपल्याले, तं दुसऱ्याची गाय किती दिवस ठेवान?’’

डोमाजींची मूठ सैल झाली नाही. मनिराम टेपकडे बघत राहिले. मग त्यांनी हातातला दोर गुंडाळून खांद्यावर टाकला.

‘‘लिवा बाई, दिसते तेवढंच. आठ दिवसांनं येतो, मामाजी.’’

मी पेन उघडून लिहिले: साडेएकोणसाठ इंच.